‘एन्टाइस’ या क्रियापदाचे मराठी पर्याय

इंग्रजीतील ‘एन्टाइस’ या क्रियापदासाठी मराठीत ‘भुरळ घालणे’, ‘आमिष दाखविणे’ आणि ‘फूस लावणे’ हे पर्याय योजले जातात. ते परस्परांच्या जागी सर्वत्र चालतात असे मात्र नाही.

हे क्रियापद जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आले. त्याच्या मुळाशी जळते कोलीत या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. विस्तव चेतविणे, माणसास चिथाविणे आणि अखेर लोभ दाखवून ओढून घेणे, असा त्याचा अर्थविकास झाला.

मराठी शब्दांच्या छटा निराळ्या आहेत. ‘आमिष’ म्हणजे संस्कृतात मांस. ‘निरामिष’ या शब्दात तो अर्थ अद्याप टिकून आहे. गळाला लावलेल्या मांसाप्रमाणे आमिषात काही लाभ दाखवावा लागतो. ‘भुरळ’ पडण्यास कोणाच्या हेतूची गरज नसते. ‘फूस’ मात्र माणसाकडूनच मिळते. भांडणास फूस देतात आणि मुलासही फूस लावतात. चिथावणी व प्रलोभन हे दोन्ही अर्थ या एकाच शब्दात नांदतात.

चैत्र पौर्णिमेस वाडी रत्नागिरी येथे भरणाऱ्या जोतिबाच्या यात्रेचे उदाहरण कल्पावे. सासनकाठ्या आणि गुलालाची उधळण यांची भुरळ पडून मूल गर्दीत दूर गेले, तर दोषी कोणी नाही. कोणी खेळण्याचे आमिष दाखविले, तर वस्तू मध्ये आली. ‘चल, सासनकाठी जवळून दाखवितो’ एवढ्या शब्दांवर त्यास डोंगराखाली नेले, तर ती फूस होय.

हा भेद केवळ कोशापुरता नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३६१ मध्ये अज्ञान व्यक्तीस ‘नेणे’ आणि ‘एन्टाइस’ करणे अशी दोन क्रियापदे होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ मध्येही ती कायम आहेत. ठाकोरलाल वडगामा खटल्यात १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, दुसऱ्याच्या मनात आशा वा इच्छा जागवून त्यास प्रवृत्त करणे हा या दुसऱ्या क्रियापदाचा गाभा असून प्रलोभनाचा प्रकार कोणताही असू शकतो.

म्हणून कायद्याच्या भाषांतरात ‘आमिष’ हा शब्द अपुरा पडतो. गोड शब्दांनी नेणारा त्यातून निसटू शकतो. ‘भुरळ’ हेतूकडे दुर्लक्ष करते. माणूस, हेतू आणि मनात चेतविलेली इच्छा या तिन्ही गोष्टी ‘फूस लावणे’ या प्रयोगात एकत्र येतात. मूळ कोलिताशी त्याचेच नाते अधिक जवळचे होय.