खोल पाण्यातील स्कुबा डायव्हिंग : सुरक्षित प्रशिक्षणाचे शास्त्र आणि सावित्री खोऱ्याचा संदर्भ

प्रस्तावना :
नरवीर तानाजी मालुसरे यांचे उमरठ हे गाव पोलादपूर तालुक्यात सह्याद्रीच्या कुशीत वसले आहे. समुद्रापासून दूर असलेल्या या परिसराचा पाणबुड्यांशी संबंध आला तो एका दुर्घटनेमुळे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला व एस.टी.च्या दोन बसगाड्यांसह अन्य वाहने वाहून गेली. गढूळ, वेगवान प्रवाहात नौदलाच्या पाणबुड्यांनी शोध घेतला. तरीही पहिल्या बसचा सांगाडा सापडण्यास आठवड्याहून अधिक काळ लागला. पाण्याखालील कार्य केवळ धाडसावर होत नाही, त्यास शिस्तबद्ध प्रशिक्षण लागते, हे यातून दिसून आले. प्रस्तुत लेखात या प्रशिक्षणामागील शास्त्रीय तत्त्वे स्पष्ट केली आहेत.

खोली व दाब :
समुद्रात दर १० मीटर खोलीस सुमारे एक वातावरण इतका दाब वाढतो. ३० मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट होतो व श्वासासाठी हवाही चौपट लागते. १२ लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने २,४०० लिटर हवा मावते. मिनिटास २० लिटर हवा घेणाऱ्या व्यक्तीस ती पृष्ठभागावर दोन तास पुरेल. ३० मीटरवर मात्र अर्धाच तास, आणि ५० बार राखीव ठेवल्यास जेमतेम २२ मिनिटे. म्हणून हवेचा हिशेब पाण्यात उतरण्यापूर्वीच मांडावा लागतो.

दाब वाढला की नत्रवायू रक्तात व ऊतींमध्ये अधिक विरघळतो. त्याचे दोन परिणाम संभवतात. एक, साधारण ३० मीटरच्या पुढे नशेसारखी अवस्था येऊन निर्णयशक्ती मंदावते. दोन, पाणबुड्या वेगाने वर आल्यास या वायूचे बुडबुडे होऊन सांधेदुखीपासून अर्धांगवायूपर्यंत विकार उद्भवतात. जॉन स्कॉट हाल्डेन यांनी सहकाऱ्यांसह १९०८ मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके प्रसिद्ध केली. तेच तत्त्व आजच्या डायव्ह कॉम्प्युटरच्या मुळाशी आहे.

प्रशिक्षणाचे टप्पे :
प्रचलित पद्धतीनुसार प्राथमिक ओपन वॉटर अभ्यासक्रमास १८ मीटर, प्रगत अभ्यासक्रमास ३० मीटर व खोल डायव्हिंगच्या विशेष अभ्यासक्रमास ४० मीटर अशी मर्यादा आहे. प्रशिक्षणार्थी तेच साधे कोडे जमिनीवर व खोलीवर सोडवून स्वतःच्या बुद्धीची मंदता अनुभवतो. मिनिटास ९ मीटरपेक्षा अधिक वेगाने वर न येणे, ५ मीटरवर तीन मिनिटे थांबणे, श्वास कधीही न रोखणे व जोडीदाराची साथ न सोडणे हे नियम सवयीचे व्हावे लागतात. ४० मीटरपलीकडे हेलियममिश्रित वायू व सक्तीचे थांबे यांचे वेगळे तांत्रिक प्रशिक्षण आवश्यक ठरते.

घाटाचा धोका :
महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्ली येथे स्कुबा प्रशिक्षण केंद्र सुरू केल्यानंतर कोकणात या क्रीडेची ओळख वाढली. तेथून परतणारा पर्यटक पोलादपूरमार्गे आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरी, म्हणजे सुमारे १,३५० मीटर उंचीवर, काही तासांत पोहोचू शकतो. उंचीवर हवेचा दाब घटतो. शरीरात उरलेल्या नत्रवायूच्या दृष्टीने घाट चढणे हे पाण्यातून आणखी वर येण्यासारखेच होय. विमानप्रवासापूर्वी एका बुडीनंतर किमान १२ तास व अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास थांबण्याची शिफारस आहे. विमानाच्या कक्षातील दाब साधारणतः ६०० ते २,४०० मीटर उंचीइतका असतो, म्हणून घाटप्रवासासही हाच निकष लावणे हिताचे ठरते.

निष्कर्ष :
सावित्रीचे पात्र समुद्राइतके खोल नाही. तथापि शून्य दृश्यमानता व प्रवाह यांमुळे तेथील धोका कमी होत नाही. खोल पाण्याचे प्रशिक्षण मूलतः संयम, पूर्वनियोजन व वेळीच परत फिरण्याचा विवेक शिकविते. पूरप्रवण तालुक्यांतील महाविद्यालयांनी भौतिकशास्त्र, शारीरिक शिक्षण व राष्ट्रीय सेवा योजना यांच्या समन्वयातून या विषयाची ओळख करून दिल्यास, अप्रशिक्षित तरुणांनी मदतीच्या उत्साहात पुरात उडी घेण्याचे प्रकार टाळता येतील.