जंगल-पाण्याचं शिक्षण अमेरिकेच्या कम्युनिटी कॉलेजात : अर्जाआधी हे बघा

“झाडं-जंगलं शिकायला अमेरिकेला कशाला?” बारावी सायन्सच्या मुलाने किंवा मुलीने विषय काढला की अब्बांचा पहिला प्रश्न हाच. जमीन-पाणी ही अल्लाहची अमानत आहे, हे आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. पण ते करिअर होऊ शकतं हे पटायला वेळ लागतो.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांची ‘असोसिएट’ पदवी देणारं, विद्यापीठापेक्षा बहुतेक वेळा बरंच स्वस्त कॉलेज. उदाहरणार्थ, नॉर्थ कॅरोलिनातल्या हेवूड कम्युनिटी कॉलेजात वनव्यवस्थापन आणि मत्स्य-वन्यजीव व्यवस्थापन शिकवतात. अशा कोर्समध्ये झाडं ओळखणं, लाकडाचं मोजमाप, माती, पाणलोट, जीआयएसवर नकाशे असं बरंच काही असतं. बराचसा अभ्यास बूट घालून जंगलातच होतो.

खरी मेख पदवीच्या नावात आहे. ‘असोसिएट ऑफ सायन्स’ ही पुढे विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जाण्यासाठी असते. ‘असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स’ ही लगेच नोकरीसाठी; तिचे सगळे क्रेडिट विद्यापीठ धरेलच असं नाही. आपल्या मुलांसाठी हा फरक फार महाग पडू शकतो. कारण तिथल्या वनखात्याच्या आणि राष्ट्रीय उद्यानांच्या सरकारी नोकऱ्या बहुतांशी अमेरिकन नागरिकांनाच मिळतात. आणि खासगी कंपनीने एच-१बी व्हिसावर घ्यायचं तर साधारणपणे चार वर्षांची पदवी लागते. म्हणजे नुसत्या दोन वर्षांवर तिथे टिकणं अवघड. म्हणून अर्जाआधी कॉलेजला ईमेल करून विचारा: कोणत्या विद्यापीठाशी तुमचा क्रेडिटचा लेखी करार आहे? आणि परदेशी विद्यार्थ्यांना आय-२० देता का? सगळीच कॉलेजं देत नाहीत.

आय-२० साठी पहिल्या वर्षाचा खर्च बँकेत दाखवावा लागतो. एफ-१ व्हिसावर पहिल्या वर्षी कॅम्पसबाहेर काम करता येत नाही. कॅम्पसमध्ये सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच. त्यामुळे “तिथे कमवून फी भरेल” हा हिशेब मनातून काढा. व्याजाचं कर्ज नको म्हणणाऱ्या घरांनी तर हा आकडा आधीच मांडावा.

जमत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. आपल्या दापोलीतच कोकण कृषी विद्यापीठाचं वनशास्त्र महाविद्यालय आहे, अकोल्यातही आहे. चार वर्षांची बी.एस्सी. (वनशास्त्र), प्रवेश सीईटीतून. ती करून यूपीएससीची भारतीय वनसेवा परीक्षा देता येते, आणि एमपीएससीची वनसेवाही. पुढे अमेरिकेला जायचंच असेल तर मास्टर्सला जा.