पकड केव्हा करावी?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत कबड्डीचा सामना संपला, तरी त्याची चर्चा संपत नाही. हरलेल्या संघाचे पाठीराखे घरी जाताना म्हणतात, "कोपऱ्याने घाई केली." कोपरा म्हणजे मैदानाच्या कडेला, कोपऱ्यात उभा राहणारा बचावपटू. लगेच दुसरा म्हणतो, "थांबून काय मिळाले असते? चूक प्रशिक्षकाची आहे." या दोघांत बरोबर कोण?

त्यासाठी आधी नियम पाहू. चढाई करणाऱ्याला 30 सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात त्याला निदानरेषा ओलांडावी लागते किंवा कोणाला तरी स्पर्श करावा लागतो. नाहीतर तो बाद होतो. पुरुषांच्या मैदानात ही रेषा मध्यरेषेपासून 3.75 मीटर दूर असते. म्हणजे तो आपण होऊन आत येणारच! म्हणून जुने प्रशिक्षक सांगतात, "त्याला आत येऊ द्या आणि परतीची वाट अडवा." बचावपटू हातात हात घालून साखळी धरतात, ती याचसाठी. पुढे धावून पकड केली, तर मध्यरेषा जवळ असते. चढाईपटूचा नुसता हात रेषेपलीकडे टेकला, तरी तो सुटतो आणि त्याला धरणारे सगळे बाद होतात.

पण सातांपैकी तीनच उरले, की हिशेब बदलतो. तीन किंवा कमी बचावपटूंनी पकड केली, तर एका गुणाऐवजी दोन गुण मिळतात. उलट सगळेच बाद झाले, तर लोण बसतो आणि प्रतिपक्षाला दोन जादा गुण जातात. अशा वेळी धीर धरावा, असे मला वाटते. मात्र एकाने झेप घेतली, की उरलेल्या दोघांनी विचार करत बसू नये. एकट्याची पकड क्वचितच टिकते.

प्रशिक्षकाचे मोल 24 ऑगस्ट 2018 रोजी जकार्ता येथे दिसले. आशियाई क्रीडा स्पर्धेत महिला कबड्डीच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला 27-24 असे हरवले. इराणच्या प्रशिक्षिका होत्या नाशिकच्या शैलजा जैन. त्या फारसी शिकल्या आणि मुलींच्या सरावात त्यांनी योगासने व प्राणायाम आणला. जोर, पंजा, मैदान हे शब्द मराठी, उर्दू आणि फारसी या तिन्ही भाषांत आहेत. तेव्हा ती भाषा त्यांना अगदीच परकी वाटली नसेल.

आपल्या बाईंनी दुसऱ्या देशाला का शिकवले, असे काही जण विचारतात. मला तो प्रश्न पटत नाही. एकच देश सतत जिंकत राहिला, तर खेळ जगात पसरणार कसा?

शिवाय इराणचे खेळाडूही आपल्याकडे येतात. 1 मार्च 2024 रोजी अस्लम इनामदार याच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटण संघाने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवून प्रो कबड्डी जिंकली. त्या संघाच्या बचावात इराणचा मोहम्मदरेझा शादलूई होता. त्याची सवय मात्र वाट पाहण्याची नाही. तो पुष्कळदा आपली जागा सोडून चढाईपटूवर पुढेच झेपावतो. कधी फसतो, कधी सामना फिरवतो. म्हणजे सातारा-सांगलीचा वाद पुन्हा तिथेच आला!