संगणकांतील जागा व पोथ्यांच्या दुसऱ्या प्रती

मानोरा हें आज वाशीम जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव आहे. जुना बाशिम जिल्हा 1905 सालीं मोडला, व 1 जुलै 1998 रोजीं अकोल्यापासून निराळा होऊन वाशीम जिल्हा झाला. अशा मुलखाच्या दप्तरांचा माग एका कचेरींत लागत नाहीं, म्हणून घरोघरच्या रुमालांचें मोल येथें अधिक. ते स्कॅन करून संगणकांत ठेवण्याची चाल इष्टच होय. परंतु नव्या संगणकांतील जागा कशी वांटली जाते व दुसरी प्रत कोठें ठेवावी, हा विचार सहसा मागें राहतो. तो येथें करीत आहों.

256 जीबी म्हणून विकली जाणारी डिस्क विंडोजवर 238 जीबीच दिसते. यांत लबाडी नाहीं. कारखानदार एक जीबी म्हणजे 100 कोटी बाइट धरतो, विंडोज 107 कोटींहून कांहीं अधिक धरते. कच्च्या शेरांत व पक्क्या शेरांत असे, तसाच हा भेद. विंडोज 11 ही कार्यप्रणाली स्वतःसाठीं किमान 64 जीबीची डिस्क मागते. आतां पोथीचा हिशेब पाहूं. 12 इंच लांब व 5 इंच रुंद पृष्ठाचें, इंचास 400 ठिपके या मानानें घेतलेलें रंगीत व न दाबलेलें चित्र 2 कोटी 88 लक्ष बाइटांचें होतें. 200 पत्रांच्या पोथीचीं पृष्ठें 400. त्यांस साडेअकरा जीबी लागतात. म्हणजे प्रणालीचे 64 जीबी वजा जातां अशा सोळा पोथ्या मावल्या कीं डिस्क भरली.

कार्यप्रणाली बिघडली तर 8 जीबीच्या पेनड्राइव्हवरून पुनः बसवितां येते. तो पेनड्राइव्ह संगणक नवा असतांच करून ठेवावा. वाळवीनें खाल्लेल्या पत्राचें चित्र मात्र पुनः मिळणार नाहीं. म्हणून डिस्कचे दोन भाग करून एकांत प्रणाली व दुसऱ्यांत पोथ्या ठेवाव्या. प्रणालीचा भाग पुसावा लागला तरी दुसरा राहतो. पण डिस्कच निकामी झाली तर दोन्ही भाग बरोबरच जातात. एका डिस्कवरील दोन प्रतींस आम्ही दोन प्रती म्हणत नाहीं. वनड्राइव्हसारख्या सोयीवरही सर्वस्वीं विसंबूं नये. येथें फाइल खोडली कीं ती तेथूनही जाते, कांहीं काळ कचरापेटींत राहते इतकेंच.

म्हाइंभटांच्या लीळाचरित्राची हकीकत आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. मूळ पोथी स्वारीच्या धामधुमींत हरवली, आणि अनुयायांच्या स्मरणावरून ग्रंथ पुनः सिद्ध करावा लागला. स्मरणाची प्रत होती म्हणून ग्रंथ वांचला. ती मुळाशीं ताडण्यास मूळच उरलें नव्हतें, म्हणून निरनिराळे पाठ झाले. संगणकावर प्रत ताडणें सोपें आहे. एसएचए-256 या रीतीनें प्रत्येक फाइलीची 64 अक्षरांची खूण निघते. फाइलींत एक ठिपका बदलला तरी खूण पार निराळी येते. विंडोजमध्यें सर्टयुटिल या आज्ञेनें ती काढितां येते. मूळ व प्रत यांच्या खुणा जुळल्यावांचून प्रत पुरी झाली असें मानूं नये.

प्रती एकंदर तीन असाव्या. संगणकांतील एक, बाह्य डिस्कवरील दुसरी, जी काम होतांच संगणकापासून काढून ठेवावी, कारण फाइली कोंडून खंडणी मागणारे विषाणु जोडलेल्या डिस्कवरही हात टाकतात, आणि तिसरी परगांवीं, मानोऱ्याच्या संग्राहकानें वाशीम अथवा अमरावतीस कोणा आप्ताकडे. परगांवचा आग्रह उगीच नाहीं. 5 जानेवारी 2004 रोजीं पुण्यांतील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला होऊन ग्रंथांची व हस्तलिखितांची नासधूस झाली. इतक्या थोर संस्थेवर जो प्रसंग आला, तो एकाद्याच्या माडीवरील पेटीवर येणार नाहीं असें कोणीं म्हणावें?

वीज न मिळतां वर्षानुवर्षें पडून राहिलेल्या पेनड्राइव्हांतील मजकूर क्षीण होऊं शकतो, म्हणून बाह्य प्रती वर्षांतून एकदां तरी उघडून खुणा पुनः ताडाव्या. रुमालाचा क्रमांक, पत्रसंख्या, प्रत केल्याची तिथि व खुणांची यादी कागदावर लिहून त्याच रुमालांत बांधून ठेवावी.