झोपेच्या गोळीचीही परीक्षा होते

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. दिवसभर राबलेल्या माणसाला झोपायला गादी लागत नाही, असा तिचा अर्थ. पण ज्यांच्या बाबतीत ही म्हण खोटी ठरली, अशी माणसे तुमच्या गावातही असतील. दिवसभर खुरपून आलेली बाई रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहते. घर सारे घोरत असते आणि तिच्या मात्र कोंबडा आरवेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. मग कोणी तरी सांगते, “झोपेची नवी गोळी निघाली आहे म्हणे.” घरचे माणूस तालुक्याला गेले की दुकानातून एक पट्टी मागून आणते.

ती पट्टी मागण्याआधी अशी गोळी बाजारात येते कशी आणि तिची परीक्षा कशी घेतात, हे समजून घ्या.

झोप न मिळणे आणि झोप न येणे

रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी द्यायचे, दारे धरायची आणि पहाटे पुन्हा धार काढायला उठायचे, या माणसाला झोप मिळतच नाही. त्याला औषध नको, विसावा हवा. निद्रानाश वेगळा. अंथरूण आहे, वेळ आहे, अंधार आहे. तरी झोप लागत नाही, किंवा मध्येच मोडते आणि पुन्हा लागत नाही. असे आठवड्यातून निदान ३ रात्री आणि सतत ३ महिने होत असेल, दिवसाच्या कामावर त्याचा परिणाम होत असेल, तर डॉक्टर त्याला जुना निद्रानाश म्हणतात. नव्या गोळ्यांची परीक्षा अशाच माणसांवर होते.

परीक्षा न घेतल्याची किंमत

१९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाची झोपेची गोळी विक्रीला आली. ती इतकी निर्धोक मानली गेली की तिला डॉक्टरची चिठ्ठीही लागत नसे. गरोदर बायकांनीही ती घेतली. पुढे हात-पाय अर्धवट वाढलेली हजारो बाळे जन्माला आली. १९६१ साली जर्मनीत डॉ. विडुकिंड लेन्त्स आणि ऑस्ट्रेलियात डॉ. विल्यम मॅकब्राइड यांनी या गोळीकडे बोट दाखवले, तेव्हा ती बंद झाली. अमेरिकेत मात्र ती विक्रीला आलीच नाही. तिथल्या सरकारी औषध खात्यातल्या डॉ. फ्रान्सिस केल्सी यांनी “पुरावा पुरेसा नाही” म्हणून कागद अडवून धरले होते. १९६२ साली अमेरिकेत कायदा झाला: औषध निर्धोक आहे एवढे सांगून भागणार नाही, ते गुण देते हेही नीट परीक्षा घेऊन सिद्ध करावे लागेल.

कुत्र्यांपासून गोळीपर्यंत

आता नव्या गोळीची गोष्ट. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉबरमन जातीची काही कुत्री पाळलेली होती. आवडता खाऊ पुढे ठेवला की आनंदाने उड्या मारता मारता ती एकदम गळून जमिनीवर पडत. हा झोपेचाच एक आजार. त्याला नार्कोलेप्सी म्हणतात. फ्रान्समधून तिथे गेलेले डॉ. एमान्युएल मिन्यो बरीच वर्षे त्याचे कारण शोधत होते. १९९८ साली मेंदूतल्या ओरेक्सिन या द्रव्याचा शोध लागला. पुढच्याच वर्षी मिन्यो यांना दिसले की, या कुत्र्यांच्या मेंदूत ओरेक्सिनचा निरोप घेणारी जागाच बिघडलेली आहे. हे द्रव्य मेंदूला ‘जागा राहा’ असा निरोप देत असते.

यावरून शास्त्रज्ञांनी विचार केला, की ज्याला झोप लागत नाही त्याच्या मेंदूत हा निरोप रात्रीपुरता अडवला तर? जुन्या गोळ्या साऱ्या मेंदूलाच पेंग आणतात. नवी गोळी जागे ठेवणाऱ्या निरोप्याला दारातच थांबवते. या जातीची पहिली गोळी, सुव्होरेक्संट, अमेरिकेत २०१४ साली मंजूर झाली. कंपनीने ती ४० मिलिग्रॅमच्या मात्रेतही तपासली होती. पण दुसऱ्या दिवशी गाडी चालवताना गुंगी राहण्याची भीती होती. म्हणून औषध खात्याने १० मिलिग्रॅमपासून सुरुवात करायला लावली आणि २० च्या वर जायचे नाही, असे बजावले.

परीक्षा कशी झाली?

यानंतर डॅरिडोरेक्संट नावाची गोळी आली. तिची परीक्षा १७ देशांत, दोन भागांत मिळून १,८५४ माणसांवर झाली. तिच्या अहवालात पहिले नाव होते त्याच डॉ. मिन्यो यांचे. तो २०२२ साली प्रसिद्ध झाला.

ही रीत तुम्हाला नवी वाटणार नाही. नवे बियाणे आले की शहाणा शेतकरी सारे रान त्याच्या हवाली करत नाही. एका पट्ट्यात नवे, शेजारच्या पट्ट्यात जुने; माती तीच, पाणी तेच, खत तेच. मग उतारा मोजून ठरवतो. औषधाचेही तसेच. काहींना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणाला कोणती, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरते आणि ते रोग्यालाही ठाऊक नसते, डॉक्टरलाही नसते. ठाऊक असते तर रोग्याने उगीच “बरे वाटते” म्हटले असते आणि डॉक्टरने ते मनापासून लिहून घेतले असते.

हे तीन महिने चालले. माणसे रोज सकाळी आपल्या झोपेची नोंद लिहीत. ठरलेल्या रात्री डोक्याला तारा लावून यंत्रानेही झोप मोजली गेली.

निकाल काय लागला?

तीन महिन्यांनंतर ५० मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्यांची झोप, त्यांच्याच नोंदीप्रमाणे, सुमारे ५८ मिनिटांनी वाढली होती. तासाभराची झोप म्हणजे लहान गोष्ट नव्हे. पण शेजारचा पट्टा बघा. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचीही झोप सुमारे ३८ मिनिटांनी वाढली होती. म्हणजे निव्वळ औषधाची कमाई सुमारे २० मिनिटे. १० मिलिग्रॅमच्या गोळीने तर खात्रीचा फरक दाखवलाच नाही.

मग ही ३८ मिनिटे आली कुठून? माणूस आजार अगदी टोकाला गेला की उपचाराला येतो आणि त्यानंतर थोडा उतार आपोआपही पडतो. त्यात उपचार सुरू झाल्याची आशा, कोणी तरी विचारपूस करते याचा दिलासा आणि रोजची नोंद यांचाही वाटा असतो. २० मिनिटे ज्याला हवीत त्याला ती मोलाची आहेत आणि परीक्षेत उतरलेली गोळी त्याला डॉक्टरांनी जरूर द्यावी. पण गोळी म्हणजे चमत्कार, हा समज सोडा.

घरी काय करावे?

अमेरिकेतल्या वैद्यांच्या मोठ्या संघटनेने २०१६ साली सांगितले, की जुन्या निद्रानाशावर पहिला उपचार सवयी आणि विचार सुधारण्याचा, गोळी त्यानंतर. त्यातले बरेचसे घरी करता येते:

– रात्र कशीही जावो, सकाळी उठण्याची वेळ रोज एकच ठेवा.
– झोप आली तरच अंथरुणावर जा. बराच वेळ पडूनही झोप लागली नाही तर उठून बसा, मंद उजेडात काही तरी शांत काम करा आणि पेंग आली की परत या.
– दुपारी लांब झोप नको. संध्याकाळनंतर चहा, तंबाखू, मिश्री नको.
– दारू पिऊन आलेली झोप मध्यरात्री मोडते. झोपेच्या गोळीबरोबर दारू तर जिवावर बेतते.

डॉक्टरांनी गोळी दिली तर ती किती दिवस घ्यायची, हे विचारून घ्या. सकाळी गुंगी वाटत असेल तर ट्रॅक्टर, मळणीयंत्र, कडबाकुट्टी यांना हात लावू नका. जुन्या गोळ्या पुष्कळ दिवस घेतल्या असतील तर त्या मनाने एकदम तोडू नका. झोपेच्या बऱ्याच गोळ्या आपल्याकडे चिठ्ठीशिवाय विकण्यास कायद्याने बंदी आहे. शेजारणीची पट्टी तुम्हाला चालेलच असे नाही. जोराने घोरणाऱ्याचा श्वास झोपेत अडकत असेल तर तो आजार वेगळा, हे डॉक्टरांना आधी सांगा.

आणि कोणी तुम्हाला नव्या औषधाच्या चाचणीत बोलावले तर? भारतात २०१९ च्या नियमांप्रमाणे सारी माहिती तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळाली पाहिजे, तुमची लेखी संमती हवी आणि चाचणीमुळे इजा झाली तर उपचार व भरपाई हा तुमचा हक्क आहे. मधूनच बाहेर पडायलाही तुम्ही मोकळे असता. न वाचता अंगठा देऊ नका.

शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. घरातले माणूस रोज पहाटे तीनला जागे होऊन आढ्याकडे बघत बसत असेल, जेवत नसेल, बोलत नसेल, “आता जगून काय करायचे” असे म्हणत असेल, तर त्याची झोप कर्जाने, काळजीने, खचलेल्या मनाने गेलेली असू शकते. अशा घरात गोळ्यांची पट्टी त्याच्या हाताशी ठेवू नका. त्याला एकटे सोडू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा. १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही फुकट बोलता येते. आज रात्री त्याच्याजवळ बसा आणि विचारा, “झोप का येत नाही?” औषध त्यानंतर ठरवू.