सेवाव्रत आणि समाधान

परिचारिकांविषयी आपल्याकडे लिहिले जाते ते बहुधा १२ मे रोजी, फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी. त्या लेखांत ‘सेवाव्रत’ हा शब्द हमखास असतो. कामातल्या समाधानाचा उल्लेख मात्र क्वचित. व्रत आहे म्हणजे समाधान असणारच, असे आपण धरून चालतो. या विषयावरचे संशोधन वाचत गेलो तसतशी मला ही समजूत तपासून पाहावीशी वाटली.

समाधान हातातल्या नोकरीविषयी असते: पगार, रात्रपाळ्या, वरिष्ठांची वागणूक, वाट्याला येणारे रुग्ण. निष्ठा व्यवसायाशी असते. म्हणूनच नोकरीला विटलेली परिचारिका पुष्कळदा रुग्णालय बदलते, पेशा सोडत नाही.

निष्ठाही एकाच जातीची नसते. मेयर, ॲलन आणि स्मिथ यांनी १९९३ साली परिचारिका आणि नर्सिंगचे विद्यार्थी यांच्या अभ्यासातून तिचे तीन प्रकार मांडले. पहिली ओढीची: काम आवडते म्हणून. दुसरी हिशेबाची: इतकी वर्षे घातली, आता सोडले तर नुकसान. तिसरी कर्तव्याची: सोडणे बरे नव्हे म्हणून. हजेरीपटावर तिन्ही सारख्याच दिसतात. समाधानाशी घट्ट नाते असते ते मुख्यतः पहिलीचे. कर्मचारी टिकून आहेत, यावरून ते समाधानी आहेत असा निष्कर्ष काढता येत नाही, तो यामुळेच.

याची किंमत रुग्णही मोजतो. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की तिच्या असमाधानाची शक्यता १५ टक्क्यांनी वाढलेली दिसली. शस्त्रक्रिया झालेला रुग्ण तीस दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी.

आपल्याकडे अशी मागणी कोणी केली, की ‘सेवाभाव कुठे गेला?’ असे विचारले जाते. त्याचे उत्तर मुंबईच्या केईएम रुग्णालयात आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयातच अमानुष हल्ला झाला. त्यानंतर मुंबईतल्या परिचारिकांनी संप केला, सुरक्षितता मागितली. पुढे महापालिकेने अरुणाताईंना केईएममधून हलवायचे ठरवले, तेव्हाही त्या संपाच्या तयारीने उभ्या राहिल्या आणि तो बेत रद्द झाला. १८ मे २०१५ रोजी अरुणाताई गेल्या, तोवर सुमारे ४२ वर्षे तिथल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यांतल्या कितीतरी जणींनी त्यांना कधी चालता-बोलताना पाहिलेही नव्हते. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने या सेवेचा गौरवाने उल्लेख केला.

संप आणि शुश्रूषा, दोन्ही याच परिचारिकांनी केली. हक्क मागितल्याने त्यांची निष्ठा उणी झाली नाही. तेव्हा पुरेशी माणसे, सुरक्षित रात्रपाळी आणि रास्त पगार मागणाऱ्या सिस्टरला आपण सेवाव्रताची आठवण करून देऊ नये. ते तिला आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते.