औषध देणे आणि औषध समजावून सांगणे

बारावी विज्ञान झाल्यावर आपल्या कडोली परिसरातील मुलेमुली हल्ली फार्मसीकडे वळू लागली आहेत. बेळगाव जवळ आहे. तेथे आणि निपाणीसही फार्मसीची महाविद्यालये आहेत. दोन वर्षांची पदविका पुरी करावी, नोंदणी करावी आणि औषधांचे दुकान टाकावे, असा घरच्या मंडळींचा सरळ हिशेब असतो. हिशेब चुकीचा नाही. परंतु या दोन वर्षांत मुलाच्या हाती नेमके काय पडावयास हवे, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. तो येथे थोडा करण्याचा विचार आहे.

जुन्या पिढीस दवाखान्यातला कंपाउंडर आठवत असेल. पडद्याआड उभा राहून तो मिश्रण तयार करी, बाटलीवर कात्रीने कातरलेली कागदाची पट्टी चिकटवी आणि ‘एका खुणेपर्यंत, दिवसातून तीनदा’ असे बजावून बाटली हाती देई. त्या पट्टीला कोणी शास्त्र म्हटले नसेल. पण अक्षरओळख नसलेल्या बाईलाही ती मात्रा बिनचूक दाखवीत असे.

या कामास रीतसर शिक्षण हवे, ही जाणीव आपल्याकडे उशिरा झाली. १९३०-३१ साली डॉ. रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशातील औषधांच्या व्यवहाराची चौकशी केली. १९३२ साली महादेव लाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात या विषयाच्या अध्यापनास आरंभ केला. पुढे १९४८ चा फार्मसी कायदा आला, पाठोपाठ फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया स्थापन झाली आणि १९५३ साली शिक्षणाचे पहिले नियम झाले. बेळगावात के. एल. ई. संस्थेचे फार्मसी महाविद्यालय १९६८ साली निघाले.

त्या काळच्या अभ्यासक्रमात औषध बनविण्यावर भर होता, आणि ते योग्यच होते. मात्र पुढे औषधे कारखान्यांतून तयार होऊन येऊ लागली. दुकानदारास मिश्रण ढवळण्याचे कारण उरले नाही, तरी विद्यार्थी प्रयोगशाळेत बराच वेळ तेच करीत राहिला. गिऱ्हाईकाशी काय बोलावे, हे मात्र त्याला कोणी शिकविले नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. तान्ह्या मुलाच्या तापासाठी पॅरासिटामॉलचे थेंब मिळतात आणि त्याच औषधाचे पातळ सिरपही मिळते. थेंबांच्या एका मिलीलिटरमध्ये बहुधा १०० मिलीग्रॅम औषध असते. नेहमीच्या सिरपच्या पाच मिलीलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलीग्रॅम. म्हणजे थेंब चौपट तीव्र. आठ किलो वजनाच्या मुलास डॉक्टरांनी एका वेळेस १२० मिलीग्रॅम सांगितले, तर ते थेंबांचे जेमतेम सव्वा मिलीलिटर होते आणि सिरपचे सुमारे पाच. मागच्या खेपेस सिरप नेलेली आई या खेपेस थेंब घेऊन गेली आणि सवयीने तेवढेच, म्हणजे पाच मिलीलिटर देऊ लागली, तर प्रत्येक खेपेस लेकराच्या पोटात ५०० मिलीग्रॅम जातील. दोन दिवस असे चालले, तर यकृतास इजा होण्याचे भय असते. दुकानात कोणी खोटे औषध दिले नाही, डॉक्टरांचीही चूक नाही. फक्त एक वाक्य बोलावयाचे राहिले.

गंमत अशी की, हे गणित आपल्या शेतकऱ्यास उत्तम येते. भाजीपाल्यावर औषध मारताना पंधरा लिटरच्या पंपाला किती मिलीलिटर घालावयाचे, आणि बाटली बदलली की प्रमाणही बदलते, हे तो विचारून घेतो. तोच माणूस घरी मुलाला ‘एक चमचा’ देताना कोणता चमचा ते विचारीत नाही. आमच्या मते मात्रेचा धडा या पंपापासूनच सुरू करावा. कडोलीच्या मुलास ‘तीव्रता’ हा शब्द फळ्यावर समजणार नाही इतका तो पंपावरून समजेल.

कौन्सिलने हे ओळखले नाही असे नाही. पदविकेच्या २०२० च्या नियमांत सामाजिक फार्मसी, औषधोपचार असे विषय आले. रुग्णास समजावून सांगण्याचा सराव प्रात्यक्षिकांत आला. औषध देताना माहिती सांगणे हे फार्मासिस्टचे कर्तव्य आहे, असे २०१५ च्या व्यवसाय-नियमांतही आहे. पदविकेनंतर किमान ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण आवश्यक असून त्यांपैकी २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरून औषध देण्यात गेले पाहिजेत.

नियम चांगले आहेत. गोम आहे ती त्यांच्या पालनात. तासांच्या वहीवर सही मिळते, पण ज्याची वही भरली तो मुलगा त्या तासांत खोकी उचलीत होता की चिठ्ठ्या वाचीत होता, हे विचारणारा कोणी नसतो. पालकांनी तरी विचारावे.

दुसरी अडचण भाषेची. विद्यार्थी सारे इंग्रजीतून शिकतो आणि परीक्षाही इंग्रजीतून देतो. समोर उभी राहिलेली मावशी मराठी बोलते, तिच्यामागचा गृहस्थ कन्नड आणि त्याच्या मागचा उर्दू. ‘उपाशीपोटी’, ‘जेवणानंतर लगेच’, ‘बरे वाटले तरी बंद करू नका’ ही वाक्ये या तीनही भाषांत जिभेवर असणे हा बेळगावच्या फार्मासिस्टचा अर्धा अभ्यास आहे. मेथोट्रेक्सेटसारखी गोळी सांधेदुखीसाठी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते; रोज घेतल्यास ती जीवावर बेतू शकते. तेथे तर ‘कोणत्या वारी घेणार, सांगा बघू?’ असे विचारून उत्तर ऐकल्याशिवाय पुडके हातातून सोडू नये. तोंडी परीक्षेत परीक्षकानेच आजी व्हावे, तिला नीट ऐकू येत नाही असे सोंग घ्यावे, आणि विद्यार्थ्याने तिला समजेपर्यंत सांगावे. यास नवे यंत्र लागत नाही की इमारत लागत नाही.

आपल्या ट्रस्टलाही यात थोडे करता येईल. फार्मसीच्या विद्यार्थ्यास शिष्यवृत्तीचा दुसऱ्या वर्षाचा हप्ता देताना आपण गुणपत्रिका पाहतो. त्याबरोबर टेबलावर थेंबांची एक आणि सिरपची एक अशा दोन बाटल्या ठेवाव्यात, आणि घरात तान्हे मूल असलेल्या आपल्याच एखाद्या सभासद भगिनीस समोर बसवून, यांतला फरक हिला सांग, असे त्याला म्हणावे.